क्लॅम्प सेन्सरने मिलिअँपिअरमधला करंट अचूक कसा मोजायचा?

अल्पप्रवाह

नमस्कार मंडळी,

उपकरणं स्टँडबायवर असताना किती करंट ओढतात याची सलग नोंद ठेवायची आहे. त्यासाठी एससीटी-०१३-००० हा १०० अँपिअरचा उघडता येणारा सीटी (तारेभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच हा क्लॅम्प) घेतला, २२ ओहमचा बर्डन (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा रेझिस्टर) लावला, सिग्नल शून्याखाली जाऊ नये म्हणून १.६५ व्होल्टचा बायस दिला आणि सिग्नल ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) नेला. जिथे बघाल तिथे हेच सर्किट दिलेलं असतं.

मोठे लोड छान दिसतात, इस्त्री आणि हीटरचे आकडे टाँग टेस्टरशी (हातातल्या क्लॅम्प मीटरशी) जुळतात. पण क्लॅम्पमध्ये तार नसतानाही ०.१२ अँपिअर येतो, आणि स्टँडबायवरचा टीव्ही लावला तरी आकडा जागचा हलत नाही. टाँग टेस्टर त्याच तारेवर कधी ०.०४ दाखवतो, कधी ०.०७. तार तोडून सिरीजमध्ये मीटर लावायचा नाही, कारण नोंद कायमची हवी आहे. सेन्सर बदलू, एडीसी बदलू, की क्लॅम्पचा नादच सोडू?

प्रतिसाद: साइनवेव्ह

मलाही हेच हवं होतं, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक प्राथमिक गोष्ट विचारतो, राग मानू नका. क्लॅम्प एकाच तारेभोवती आहे ना? अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि शून्याच्या आसपासच काहीतरी दिसत राहतं.

अल्पप्रवाह

हो, फक्त फेजची तार आहे. एक्स्टेन्शन बोर्डाच्या आत ती वेगळी काढली आहे.

प्रतिसाद: गुंडाळी

अल्पप्रवाह, तुमच्या सर्किटमध्ये काही बिघडलेलं नाही. अडचण पल्ल्याची आहे. आकडे मांडून बघू.

या सीटीचं गुणोत्तर १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर, म्हणजे २००० ला १. तारेतून १ अँपिअर गेला की सेकंडरीला (सीटीच्या आतल्या गुंडाळीला) अर्धा मिलिअँपिअर येतो आणि २२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट मिळतात. १२ बिटांच्या एडीसीच्या ४०९६ पायऱ्या ३.३ व्होल्टवर पसरल्या की एक पायरी सुमारे ०.८ मिलिव्होल्टची होते. आता स्टँडबायचा ४० मिलिअँपिअर घ्या. त्याचे झाले ०.४४ मिलिव्होल्ट. जेमतेम अर्धी पायरी! ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलायला घेतल्यासारखं आहे हे. त्यात ईएसपी३२ चा एडीसी मुळातच गोंगाट करणारा आणि सरळ रेषेत न चालणारा, त्यामुळे रिकाम्या क्लॅम्पचे ०.१२ अँपिअर येणं साहजिक आहे.

२२ ओहम कुठून आले तेही बघा. १०० अँपिअर आरएमएसचं (मीटर दाखवतो त्या परिणामी मूल्याचं) शिखर १४१ अँपिअर, सेकंडरीला ते ७०.७ मिलिअँपिअर. बायसच्या वर-खाली १.६५ व्होल्टच जागा आहे, म्हणून बर्डन जास्तीत जास्त २३.३ ओहम, आणि त्याच्याजवळची बाजारात मिळणारी किंमत २२. म्हणजे अख्खं सर्किट १०० अँपिअरसाठी बेतलंय आणि तुम्ही त्याच्याकडून त्याचा अडीच हजारावा भाग मागताय.

माझं स्पष्ट मत: करंट लहान असेल तर सिग्नल आधी प्रायमरी बाजूला, म्हणजे मोजायच्या तारेकडे, वाढवा. फेजची तार क्लॅम्पच्या खिडकीतून १० वेळा फिरवा. गाभ्याला अँपिअर-वेढे कळतात, त्यामुळे ४० मिलिअँपिअरचे त्याच्या दृष्टीने ४०० होतात. आता बर्डनवर ४.४ मिलिव्होल्ट, शिखर ते शिखर साडेबारा, म्हणजे १५-१६ पायऱ्या. कोडमध्ये शेवटी १० ने भागायचं. या एका बदलाने जे मिळतं ते महागड्या एडीसीनेही मिळत नाही. का, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, कारण कोणीतरी बर्डन वाढवा म्हणणारच.

वेढे मोजताना तार खिडकीच्या आतून किती वेळा गेली एवढंच मोजायचं. नुसती सरळ आरपार गेली की तो एक वेढा.

प्रतिसाद: लोखंडीगाभा

तो कोणीतरी मीच. :) बर्डन २२ चा २२० केला तरी सिग्नल दहापटच होतो ना? सोल्डरिंगचं दोन मिनिटांचं काम आहे, आणि मेन्सची तार दहादा गुंडाळायची भानगड नको.

प्रतिसाद: गुंडाळी

सिग्नल वाढतो हे खरं. पण त्याबरोबर चूकही वाढते.

सीटीच्या सेकंडरीला बर्डनमधून करंट ढकलायचा तर व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज गाभ्यातल्या बदलत्या फ्लक्समधून (चुंबकीय प्रवाहातून) येतं, आणि फ्लक्स तयार करायला मॅग्नेटायझिंग करंट लागतो. हा करंट प्रायमरीतूनच वळवला जातो आणि सेकंडरीला पोचतच नाही. बर्डन जितका मोठा तितकं व्होल्टेज जास्त, आणि गाभा खाऊन टाकतो तो वाटाही जास्त. तो वाटा जवळजवळ ९० अंश मागे असल्यामुळे आकडा थोडा कमी होतो, पण फेज बराच सरकतो.

दुसरी गोष्ट, गाभ्याची पर्मिएबिलिटी (फ्लक्स वाहू देण्याची क्षमता) सगळीकडे सारखी नसते. फ्लक्स अगदी कमी असतो तिथे ती खाली आलेली असते. त्यामुळे करंट लहान झाला की तोच सीटी आणखी वाईट वागतो. उघडत्या सीटीत जबड्यांच्या मध्ये हवेची फट असते, तिने आधीच इंडक्टन्स घटवलेला असतो.

आता दोन्ही उपाय शेजारी ठेवा. बर्डन वाढवला की सिग्नलबरोबर चूक वाढते. वेढे वाढवले की सिग्नल वाढतो आणि शिवाय गाभा त्या तळाच्या भागातून वर येतो. ४० मिलिअँपिअरवर १० वेढ्यांचा सीटी हुबेहूब ०.४ अँपिअरवर एका वेढ्याचा सीटी जसा वागेल तसा वागतो. बिल मोजणाऱ्या सीटींच्या मानकातही हे दिसतं. आयईसी ६१८६९-२ मध्ये क्लास १ च्या सीटीला पूर्ण करंटवर १ टक्का चूक चालते, २० टक्के करंटवर दीड आणि ५ टक्के करंटवर ३ टक्के. त्याखाली काही अटच नाही. ०.५एस सारख्या खास क्लासमध्ये अट १ टक्का करंटपर्यंत खाली जाते. तुमचे ४० मिलिअँपिअर १०० अँपिअरच्या ०.०४ टक्के आहेत. ज्या सीटीची वर्गवारीच नाही, त्याच्याकडून तिथे कसली अपेक्षा करायची?

प्रतिसाद: लोखंडीगाभा

हे पटलं. मग बर्डन शून्यच का करू नये? ऑप-अँपचा ट्रान्सइंपीडन्स (करंटचं व्होल्टेज करणारं सर्किट) लावला की सीटीला समोर जवळजवळ शॉर्ट दिसतो आणि व्होल्टेज लागतच नाही.

प्रतिसाद: तांब्याची तार

कॅलिब्रेशनच्या कामात असते, म्हणून इथे थोडी भर घालते. ऑप-अँपची कल्पना चांगली आहे आणि तिचा उपयोग होतो. पण सीटीच्या आत सेकंडरीच्या बारीक तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो. गाभ्याला तो बर्डनसारखाच सोसावा लागतो, आणि बाहेरून काहीही केलं तरी तो जात नाही. फेजची चूक साधारण या दोघांच्या बेरजेला मॅग्नेटायझिंग रिअ‍ॅक्टन्सने भागल्यावर येते. सेकंडरीचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून बघा. तो बर्डनपेक्षा बराच मोठा निघाला तर बर्डन शून्य करून फारसं हाती लागणार नाही.

वेढ्यांबद्दल गुंडाळींशी पूर्ण सहमत. फक्त ते नीट घाला. वळसे खिडकीजवळ घट्ट आवळले की तारेची बाहेरून परत येणारी बाजू गाभ्याला चिकटते आणि तिचं फील्ड आत डोकावतं. वळसा चांगला वीतभर मोठा ठेवा, म्हणजे परतीची बाजू लांब राहते.

जबड्यांचे चकचकीत पृष्ठभाग कोरड्या मऊ कापडाने पुसा. मग लोड चालू ठेवून बंद जबडा बोटांनी हलकेच दाबा. आकडा वर सरकला तर फट नीट मिटत नाही असं समजायचं. धुळीचा एक कण किंवा प्लास्टिकची सैल कडी तेवढं करायला पुरते. एवढी साधी तपासणी, पण ती कोणी करत नाही याची मला फार खंत वाटते.

प्रतिसाद: साइनवेव्ह

दहा वेढे घातले तर सर्किटवर ताण नाही का येणार? म्हणजे सीटी मध्ये आल्याने उपकरणाला व्होल्टेज कमी मिळेल का?

प्रतिसाद: गुंडाळी

नाही. बर्डन प्रायमरीकडून बघितला तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने लहान दिसतो. १० चा वर्ग गुणिले २२, भागिले २००० चा वर्ग. उत्तर ०.०००५५ ओहम. तारेच्या जोडणीचा रेझिस्टन्सही याहून जास्त असतो.

ताण येतो तो दुसरीकडे. कमाल मर्यादा १०० वरून १० अँपिअरवर येते, त्यापुढे एडीसीला शेंडा कापलेली लहर दिसेल. आणि तार गुंडाळलेली असल्यामुळे मोठ्या करंटला तापते, म्हणून त्या बोर्डावर हीटर लावू नका. दोन्ही पल्ले हवे असतील तर दोन सीटी लावा, एकात १० वेढे आणि एकातून तार सरळ, आणि कोडमध्ये करंट बघून कुठला वाचायचा ते ठरवा.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो, हात जोडून. वेढे घालताना प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे, नुसता स्विच बंद केलेला चालणार नाही. तार त्या लोडला पुरेल अशी, इन्सुलेशन अखंड, मध्ये जोड नाही, आणि सगळं झाकणाच्या डब्यात. प्रायमरीत करंट चालू असताना बर्डन काढायचा नाही. सेकंडरी उघडी राहिली की सगळा प्रायमरी करंट गाभा मॅग्नेटाइझ करायला लागतो आणि टोकांवर धोकादायक व्होल्टेज येऊ शकतं. बऱ्याच लहान सीटींत आत संरक्षक डायोड असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद: मीटरवाचक

टाँग टेस्टरच्या ०.०४ आणि ०.०७ बद्दल कोणी बोललं नाही. त्याच्या पुस्तिकेत अचूकता साधारण "२ टक्के अधिक ५ डिजिट" अशी लिहिलेली असते. लोक २ टक्के वाचतात आणि पुढचं सोडून देतात. लहान करंटला तो मागचा भागच सगळं ठरवतो. शेवटचा अंक ०.०१ अँपिअरचा असेल तर ५ डिजिट म्हणजे ०.०५ अँपिअर. खरा करंट ०.०४ असेल तर मीटर ० पासून ०.०९ पर्यंत काहीही दाखवून नियमात बसतो! तुमचे दोन्ही आकडे पुस्तिकेप्रमाणे बरोबर आहेत. आणि शेवटचा अंक ०.१ चा असेल तर अर्धा अँपिअरसुद्धा त्या मीटरवर मोजू नये.

दुसरं, ट्रू आरएमएस आहे का ते बघा. साधे मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतात. शुद्ध साइन लहरीला ते बरोबर असतं. पण एसएमपीएसचा (टीव्ही, चार्जरमधल्या स्विचिंग पुरवठ्याचा) करंट व्होल्टेजच्या शिखराशी एक अरुंद टोक काढतो आणि बाकी वेळ जवळजवळ शून्य असतो. अशा लहरीला सरासरीवाला मीटर खूपच कमी दाखवतो. तुमचा टीव्ही त्याच जातीचा आहे.

प्रतिसाद: शून्यरेषा

रिकाम्या क्लॅम्पच्या ०.१२ बद्दल. बरेच जण तो आकडा सरळ वजा करतात, आणि ते चुकीचं आहे. आरएमएसमध्ये गोंगाट वर्गाच्या हिशोबाने मिसळतो. समजा आकडा ०.२० आला आणि रिकाम्याचा ०.१२ आहे. सरळ वजाबाकी ०.०८ देते. बरोबर रीत अशी: ०.०४०० मधून ०.०१४४ वजा, राहिले ०.०२५६, त्याचं वर्गमूळ ०.१६. थेट दुप्पट फरक!

हे फक्त रँडम गोंगाटाला लागू आहे. सेन्सरच्या केबलमध्ये शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे ५० हर्ट्झ शिरत असेल तर तो सिग्नलशी फेज धरून असतो, कधी मिळतो, कधी खोडतो. त्याला गणिताने काढता येत नाही, मुळाशी जावं लागतं. केबल लहान ठेवा, पीळ घातलेली किंवा शील्डची वापरा, सीटी चार्जर आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा. ओळखायची रीत सोपी आहे. बंद रिकामा क्लॅम्प त्याच जागी हातात धरून फिरवा. आकडा दिशेप्रमाणे बदलला तर बाहेरचं फील्ड आत येतंय. न बदलता तसाच राहिला तर गोंगाट एडीसीचा किंवा पुरवठ्याचा आहे.

नमुने नेहमी पूर्ण सायकलींचे घ्या. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, तर १० सायकलींचे २०० मिलिसेकंद ठीक. वीज गुणवत्ता मोजणाऱ्या उपकरणांच्या आयईसी ६१०००-४-३० या मानकातही ५० हर्ट्झसाठी हीच खिडकी आहे. अर्धवट सायकल घेतली की आकडा उगाच डुलतो.

एडीसी बदलायचा असेल तर एडीएस१११५ बघा. १६ बिट, आणि सर्वात लहान ±०.२५६ व्होल्टच्या पल्ल्यावर एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. वेग मात्र सेकंदाला जास्तीत जास्त ८६० नमुने, म्हणजे एका सायकलला जेमतेम १७. गुळगुळीत लहरीला पुरतात. एसएमपीएसच्या अरुंद टोकाला मला तरी ते कमी वाटतात. आणि दोन चॅनल आळीपाळीने वाचायचे असतील तर तेही निम्मे होतात.

अल्पप्रवाह

मंडळी, मनापासून आभार. १० वेढे घालून डबा बंद केला. स्टँडबायचा टीव्ही आता ०.०४ च्या आसपास स्थिर दिसतोय आणि प्लग काढला की आकडा लगेच पडतो. रिकाम्याचा गोंगाटही १० ने भागला गेल्यामुळे ०.०१२ वर आला. हे आधी लक्षातच आलं नव्हतं, मोठा फायदा आहे! आता हा ०.०४ खरा आहे हे कशावरून? टाँग टेस्टरवर तर विश्वास ठेवता येत नाही.

प्रतिसाद: तांब्याची तार

करंटचं कॅलिब्रेशन मेन्सवर करूच नका. १२ व्होल्टचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्या सेकंडरीला १२० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर आणि सिरीजमध्ये मल्टिमीटरची एसी मिलिअँपिअर रेंज. करंट साधारण ०.१ अँपिअर. रेझिस्टरमध्ये १.२ वॅट जातात, म्हणून ५ वॅटचा. ५६० ओहम लावला तर सुमारे २१ मिलिअँपिअर. लोड निव्वळ रेझिस्टन्सचा असल्यामुळे लहर जवळजवळ साइन राहते, मल्टिमीटर साधा असला तरी चालतो. ट्रान्सफॉर्मर सीटीपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर त्याचंच फील्ड मोजाल.

आता हीच तार सीटीतून एकदा, मग ५ वेळा, मग १० वेळा न्या आणि प्रत्येक वेळी सीटीचा आकडा वेढ्यांनी भागा. सीटी आदर्श असता तर उत्तर तेच आलं असतं. ते येणार नाही. एका वेढ्याचं उत्तर सहसा थोडं कमी पडतं, कारण तिथे गाभा तळाशी आहे. ही तफावत म्हणजे तुमच्या सीटीचा स्वभाव, ती लिहून ठेवा. वेगवेगळे रेझिस्टर लावून ४-५ ठिकाणचे आकडे घेतले की दुरुस्तीचा तक्ता तयार होतो. एकच कॅलिब्रेशन गुणक सगळ्या पल्ल्याला लावणं हे लहान करंटच्या मोजणीत चुकीचं आहे. इस्त्रीवर जुळवलेला गुणक स्टँडबायला लागू पडत नाही.

पैसा आणि जागा दोन्ही असेल तर उघडता सीटी सोडून अखंड गाभ्याचा लहान सीटी घ्या. झेडएमसीटी१०३सी सारखा, ५ अँपिअरला ५ मिलिअँपिअर. फटच नाही, त्यामुळे लहान करंटला पुष्कळ प्रामाणिक राहतो. तार एकदा सोडवून ओवावी लागते एवढंच. तुमचा बोर्ड कायमचा आहे, मी तरी हेच केलं असतं.

प्रतिसाद: बॅटरीवाला

थोडं विषयांतर. बंद गाडीच्या बॅटरीतून किती करंट गळतो ते क्लॅम्पने बघायचंय. २०-३० मिलिअँपिअर असावा. इथेही वेढेच का?

प्रतिसाद: शून्यरेषा

विषयांतर नाही, उलट जास्त अवघड प्रकार आहे. डीसीला सीटी चालतच नाही, कारण फ्लक्स बदलत नाही. तिथे हॉल सेन्सरवाला (स्थिर चुंबकीय फील्डही ओळखणारा) क्लॅम्प लागतो आणि त्याचा शत्रू म्हणजे शून्याचं सरकणं.

एका सरळ तारेतल्या १ अँपिअरचं फील्ड १ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला असतं. २० मिलिअँपिअरचं ०.४. पृथ्वीचं स्वतःचं फील्ड जागेप्रमाणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. गाभा बाहेरचं बरंचसं फील्ड बाजूने वळवतो, पण फटीमुळे सगळं नाही. म्हणून हॉलचा क्लॅम्प नुसता उभ्याचा आडवा केला तरी आकडा हलतो. शिवाय मोठा डीसी मोजून झाल्यावर गाभ्यात चुंबकत्व उरतं, आणि तापमानाने हॉल सेन्सरचं शून्य सरकतं ते वेगळंच.

त्यामुळे शून्याचं बटण क्लॅम्प तारेजवळ, मोजताना असेल त्याच दिशेत धरून दाबा. मग एक आकडा घ्या. नंतर क्लॅम्प न हलवता तार उलट दिशेने ओवा आणि दुसरा आकडा घ्या. दोघांची वजाबाकी करून निम्मी करा. सरकलेलं शून्य दोन्हींत सारखंच असतं, ते खोडलं जातं. क्लॅम्प फिरवून उलटा करू नका, कारण मग पृथ्वीचं फील्डही उलटतं आणि खोडलं जात नाही. लवचिक तार असेल तर वेढे घालाच. पण बॅटरीची जाड केबल वळत नसेल, तर सरळ सिरीजमध्ये मल्टिमीटर किंवा १ ओहमचा शंट (मोजणीचा रेझिस्टर) लावा. २० मिलिअँपिअरला २० मिलिव्होल्ट मिळतात, साधा मीटरही ते नीट दाखवतो. शंट जोडलेला असताना गाडी चालू करायची नाही, दिवेही लावायचे नाहीत.

४ ते २० मिलिअँपिअरच्या इंडस्ट्रियल लूपसाठी (कारखान्यातल्या सेन्सरच्या सिग्नलसाठी) ०.०१ मिलिअँपिअर दाखवणारे खास क्लॅम्प मिळतात. तिथेही दर वेळी शून्य करायला सांगितलेलं असतंच.

प्रतिसाद: मीटरवाचक

लीकेजच्या (अर्थिंगकडे गळणाऱ्या करंटच्या) क्लॅम्पचा कोणी प्रश्न विचारायच्या आत सांगून टाकतो. तिथे साइनवेव्ह यांनी सुरुवातीला सांगितलेली गोष्टच कामाला येते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्पमध्ये घ्यायचे, अर्थिंगची तार बाहेर. जो फरक उरतो तो लीकेज. उपकरणातल्या, लाइन आणि अर्थिंगमध्ये जोडलेल्या एका ४.७ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्टला ०.३४ मिलिअँपिअर अर्थिंगला जातो, आणि तो बिघाड नसतो. अशी बरीच उपकरणं एका लाइनवर असली की बेरीज होत जाते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज दिसली की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण पडायला लागतो. त्याला १५ च्या पुढे कधीही पडायची मुभा असते. या कामाला साधा टाँग टेस्टर निरुपयोगी आहे, त्यासाठी शील्ड केलेल्या गाभ्याचा वेगळा क्लॅम्प येतो.

अल्पप्रवाह

तांब्याची तार ताई, ट्रान्सफॉर्मर-रेझिस्टरची रीत करून पाहिली. १० वेढ्यांवर मल्टिमीटरशी आकडे छान जुळले, एका वेढ्यावर खाली पडले, तुम्ही म्हणालात तसंच. शेवटचं एक: ०.०४ गुणिले २३० केलं तर ९.२ येतात. टीव्ही स्टँडबायला ९ वॅट खातो असं धरू का?

प्रतिसाद: गुंडाळी

अजिबात धरू नका! ते ९.२ व्होल्ट-अँपिअर आहेत. टीव्हीच्या प्लगशी फेज आणि न्यूट्रलमध्ये गोंगाट गाळणारा एक्स कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला एकटा ३४ मिलिअँपिअर ओढतो, आणि त्यात वॅट जवळजवळ शून्य. म्हणजे तुम्ही इतक्या कष्टाने मोजलेल्या ४० पैकी बराच मोठा भाग नुसता ये-जा करणारा असू शकतो. वॅट हवे असतील तर व्होल्टेजही सोबत मोजा आणि क्षणाक्षणाचा गुणाकार करा.

प्रतिसाद: तांब्याची तार

आणि तिथे फेजची चूक, जी आतापर्यंत लपून होती, एकदम वर येते. समजा खरा वॅटचा करंट ४ मिलिअँपिअर आणि कपॅसिटरचा ३४. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.१२ च्या आसपास. सीटीने फेज फक्त १ अंश पुढे सरकवला तर ३४ मधले ०.६ मिलिअँपिअर वॅटमधून कमी दिसतात. ४ मधले ०.६ म्हणजे १५ टक्के. २ अंश सरकला तर ३० टक्के. आणि करंटचा आकडा मात्र तोपर्यंत अगदी बरोबर!

एडीसी आधी व्होल्टेज आणि मग करंट वाचत असेल तर तो उशीरही यातच मिसळतो. ५० हर्ट्झला १ अंश म्हणजे ५५.६ मायक्रोसेकंद, दोन वाचनांत १०० मायक्रोसेकंद गेले की १.८ अंश. एडीई७९५३ सारख्या एनर्जी मोजणाऱ्या चिप यासाठीच दोन्ही चॅनल एकाच वेळी वाचतात.

हे जुळवायला हीटर किंवा फिलामेंटचा बल्ब वापरू नका, पॉवर फॅक्टर १ असताना अंशभराची चूक दिसतच नाही. लोड म्हणून फक्त एक्स२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावता येणारा) ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, त्याला समांतर १ मेगाओहमचा मेन्सच्या व्होल्टेजला चालणारा डिस्चार्ज रेझिस्टर, सगळं बंद डब्यात. हा लोड खरं तर वॅट खात नाही, रेझिस्टरचे ०.०५ वॅट सोडले तर. मग कोडमधला फेजचा उशीर थोडा थोडा बदलत जा, वॅट शून्याशी येईपर्यंत. १० वेढे तसेच ठेवा, कारण फेजची चूक त्या अँपिअर-वेढ्यांसाठीच जुळवलेली असेल. वेढे बदलले की हे पुन्हा करावं लागेल.

अल्पप्रवाह

एक्स२ कपॅसिटर मागवतो. जुळवून झालं की वॅटचे आकडे इथेच टाकतो.